खुंटी जुळली, पण दाब?

हल्ली लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेली आजी घरोघर आढळते. तिच्या बॅगेत मेतकूट आणि भाजणी यांच्या जोडीला इथला मिक्सरही असतो. ‘तिकडच्या यंत्रात खोबऱ्याची चटणी बारीक होत नाही’ हे तिचे ठाम मत. असेलही खरे! पण त्या मिक्सरला तिकडची वीज मानवेल का, हे बॅग भरताना कोणी विचारीत नाही.

आपल्या घरांत वीज २३० व्होल्ट दाबाने येते, अमेरिकेत १२० व्होल्टने. शिवाय आपल्या प्लगला गोल खुंट्या, तिकडे चपट्या पट्ट्या. दुकानदार एक अ‍ॅडॅप्टर हाती ठेवून म्हणतो, “हा लावा, झाले काम!” घोटाळा होतो तो इथेच. आम्हां मराठीच्या मास्तरांच्या भाषेत सांगायचे, तर अ‍ॅडॅप्टर म्हणजे नुसते लिप्यंतर. इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहिले म्हणून ते काही मराठी होत नाही. दाबाचे भाषांतर करायचे तर रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, हवे.

इथली १२०० वॅटची किटली तिकडे नुसत्या अ‍ॅडॅप्टरवर लावली, तर दाब निम्म्यावर येतो. पण उष्णता मिळते ती जेमतेम सव्वातीनशे वॅटची. आधणाची वाट पाहून जीव कंटाळेल, इतकेच. उलटा प्रवास मात्र जिवावरचा. सूनबाईंनी तिकडून हौसेने आणलेले, केवळ १२० व्होल्टचे केस वाळवण्याचे यंत्र इथे लावले, की उष्णता साडेतीनपटींहून अधिक होते. आतली तार लालभडक होते, प्लास्टिक वितळते, आगही लागू शकते. आणि यंत्र तर डोक्याशीच धरलेले!

म्हणून वस्तू आधी उलटी करून तिच्यावरची चिठ्ठी वाचावी. ‘१००-२४० व्होल्ट’ असे छापले असेल, तर अ‍ॅडॅप्टर पुरे. मोबाइलच्या व लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा तसे असतेच. नुसते २३० असेल, तर ७५० वॅटच्या मिक्सरला निदान हजार वॅटचे रोहित्र लागेल, आणि ते चांगलेच जड असते. त्यापेक्षा अमेरिकेसाठी बनवलेला ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर मिळतो, तोच घ्यावा.

लंडनला निघालेल्या आजींनी मात्र आपला मिक्सर खुशाल न्यावा. तिथे दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट. प्लगच्या तीन खुंट्या तेवढ्या चौकोनी, आणि त्याच्या पोटातच फ्यूज. तिथे लिप्यंतरावर भागते. फक्त अ‍ॅडॅप्टर अर्थिंगचा घ्यावा.