गाडीची चावी हरवते तेव्हा : महामार्गावरच्या एका फिरत्या कसबाचा अभ्यास

मुंबई-पुणे जुन्या महामार्गावर पनवेल मागे टाकून चौक गावाच्या दिशेने जाताना लागणारे लोधिवली हे खालापूर तालुक्यातील गाव आता धड शहर नाही आणि निव्वळ खेडेही राहिलेले नाही. पाताळगंगेच्या खोऱ्यात १९८० च्या दशकात उभा राहिलेला रिलायन्सचा कारखाना, जवळचा रसायनी-मोहोपाड्याचा औद्योगिक पट्टा आणि गावातील धीरूभाई अंबानी रुग्णालय यांमुळे येथे रोज बाहेरगावची वाहने येऊन थांबतात. थोड्या अंतरावर इर्शाळगडाकडे जाणाऱ्या वाटा आहेत, खोपोलीच्या अलीकडे महडचा वरदविनायक आहे, आणि शेजारच्या कर्जत तालुक्यात माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर शेकडो पर्यटक मोटार ठेवून पुढे पायी किंवा घोड्यावर जातात, कारण त्या गिरिस्थानात मोटारींना प्रवेश नाही. या साऱ्या ठिकाणी गाडी एका जागी आणि तिची चावी मालकाच्या खिशात, जंगलात, धबधब्यात किंवा रुग्णालयाच्या धावपळीत, अशी स्थिती वारंवार निर्माण होते.

चावी हरवल्यावर तिची जागा घेणारी नवी चावी गाडी उभी आहे तेथेच येऊन बनवून देणारा फिरता कारागीर, ज्याला बोलीत नुसते ‘चावीवाला’ म्हणतात, हा या लेखाचा विषय आहे. गेल्या तीन दशकांत मोटारीची चावी धातूच्या तुकड्यावरून गाडीच्या स्मृतीत नोंदलेल्या अधिकारावर येऊन पोहोचली आहे. त्यामुळे नवी चावी बनवणे हे आता केवळ कानसकाम उरले नसून गाडी कोणाची आहे हे ठरवण्याचे जोखमीचे काम झाले आहे, आणि समाजाने त्या कामाला तशीच प्रतिष्ठा व तशीच शिस्त दिली पाहिजे, असे येथे मांडायचे आहे.

कानस ते सांकेतिक अंक

महाराष्ट्रात आधुनिक कुलूपनिर्मितीचा पाया अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईच्या लालबागमध्ये घातला. घरांच्या व तिजोऱ्यांच्या कुलपांना तेथून कारखान्याची अचूकता मिळाली, तरी हरवलेल्या किल्लीची नक्कल करण्याचे काम मात्र रस्त्यावरच्या कारागिरांकडेच राहिले. एकेकाळी शस्त्रे घडवणाऱ्या व त्यांना पाणी देणाऱ्या शिकलीगर समाजातील अनेक कुटुंबे या व्यवसायात आली आणि कोऱ्या चाव्यांचा जुडगा खुळखुळवत गल्लोगल्ली फिरणारा कारागीर हे महाराष्ट्रातील शहरांचे परिचित दृश्य बनले. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रीमियर पद्मिनीची चावी असा कारागीर पदपथावर बसून कानशीने घासून देत असे, कारण त्या गाडीच्या कुलपाला फक्त आकार कळत होता.

तो आकार कसा काम करतो हे समजून घेतले म्हणजे पुढचे परिवर्तन लक्षात येते. मोटारीच्या कुलपात एक फिरणारा दंडगोल असतो आणि त्यात स्प्रिंगच्या दाबाखाली पितळेच्या पातळ पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात. योग्य चावी आत गेली की तिच्या खाचा प्रत्येक पट्टीला नेमक्या उंचीवर आणतात, पट्ट्यांची टोके दंडगोलाच्या पृष्ठभागाशी समतल होतात आणि दंडगोल फिरतो. प्रत्येक पट्टीला तीन ते पाच ठरावीक खोलींपैकी एकच दिलेली असल्याने संपूर्ण चावी ही प्रत्यक्षात अंकांची एक ओळ असते, आणि ती ओळ हाती आली की मूळ चावी न पाहताही नवी चावी कापता येते.

अशा कुलपाची मर्यादा गाडीचोरांनी लवकरच उघड केली, कारण कुलूप फोडून तारा जोडल्या की इंजिन सुरू होत असे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८० च्या दशकाच्या मध्यावर कॉर्व्हेट गाडीच्या चावीत विद्युतरोधाची एक गोळी बसवली. तिची मूल्ये केवळ पंधरा असल्याने तो अडसर फार काळ टिकणारा नव्हता. युरोपीय समुदायाने १९९५ मध्ये काढलेल्या निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून नव्या प्रवासी मोटारींत इमोबिलायझर, म्हणजे अधिकृत चावीची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, बंधनकारक झाली. भारतातही ती यंत्रणा हळूहळू सर्वसामान्यांच्या गाड्यांपर्यंत पोहोचली. मारुती सुझुकीने ‘आय-कॅट्स’ या नावाने तिचा प्रसार केला, आणि ग्राहकांनी तिला ‘सेन्सरवाली चावी’ हे सुटसुटीत नाव दिले.

चावी आणि गाडी यांचा संवाद

सेन्सरवाल्या चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत ट्रान्सपॉन्डर नावाची इवलीशी चिप असते आणि तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. चावी फिरवण्याच्या जागेभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले असते. त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी निघतात आणि त्या लहरींतूनच चिपला काम करण्यापुरती ऊर्जा मिळते. त्यानंतर गाडी एक यादृच्छिक, म्हणजे दर वेळी नवा आणि आधी ओळखता न येणारा, अंक पाठवते; चिप आपल्याजवळच्या गुप्त अंकाच्या साहाय्याने त्यावर गणित करून उत्तर परत पाठवते; गाडीनेही तेच गणित केलेले असते, आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच इंजिनाच्या नियंत्रकाला इंधन व ठिणगी देण्याची मुभा मिळते. हे सारे क्षणाच्या एका अंशात घडते. दारे दुरून उघडणारा रिमोट मात्र याहून वेगळा असतो. तो बॅटरीवर चालतो, भारतातील बहुतेक गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास संदेश पाठवतो आणि दर वेळी बदलणारा संकेत वापरतो. म्हणूनच धबधब्यात भिजलेल्या चावीचा रिमोट बंद पडला, तरी तिने इंजिन सुरू होण्याची शक्यता शिल्लक असते.

खिशात चावी असताना बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत हाच संवाद अधिक अंतरावरून होतो. अशा चावीतील बॅटरी संपली की अनेकांना चावी निकामी झाल्याचा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक चाव्यांच्या पोटात दार उघडण्यासाठी धातूचे छोटे पाते दडवलेले असते, आणि चावी सुरुवातीच्या बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागेला टेकवली की गाडी तिला बॅटरीशिवायही ओळखते. चावीवाल्याला बोलावण्यापूर्वी एवढे पाहिले तरी काही वेळा खर्च वाचतो.

रस्त्याच्या कडेला चालणारे काम

या व्यवसायात कामाचे दोन प्रकार मानले जातात. एक चावी हाताशी असताना दुसरी जोडणे हे सोपे काम होय. सगळ्याच चाव्या गेल्या असतील तर त्याला कारागीर ‘ऑल की लॉस्ट’ म्हणतात, आणि कसब खऱ्या अर्थाने पणाला लागते ते तेथे. कारागीर प्रथम दाराच्या कुलपात लिशी या नावाने ओळखले जाणारे बारीक पोलादी हत्यार घालतो. त्याच्या अंगावर कोरलेल्या जाळीवर एक दर्शक सरकत जातो, आणि बोटांना जाणवणाऱ्या अडसरावरून एकेका पट्टीची खोली वाचत दार उघडले जाते. त्याच वाचनातून खाचांची अंकओळ तयार होते. ती ओळ बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या कापयंत्रात भरली की कोऱ्या पात्यावर खाचा उमटतात. दाराच्या कुलपात काही वेळा इंजिनाच्या कुलपापेक्षा कमी पट्ट्या असतात. तेव्हा उरलेल्या खोली कंपनीच्या कोष्टकांवरून आणि एकेक शक्यता तपासून ठरवाव्या लागतात.

यानंतर इलेक्ट्रॉनिक टप्पा येतो. स्टिअरिंगखाली सोळा छिद्रांचे एक सॉकेट असते, ज्यातून गाडीच्या संगणकांशी बोलता येते. भारतात एप्रिल २०१३ पासून चारचाकींना लागू झालेल्या ओबीडीच्या, म्हणजे गाडीतील बिघाड स्वतः नोंदवणाऱ्या यंत्रणेच्या, दुसऱ्या टप्प्यामुळे असे सॉकेट सार्वत्रिक झाले. कारागीर त्यात प्रोग्रॅमर नावाचे यंत्र जोडतो, गाडीचा सुरक्षा-पिन मिळवतो आणि कोऱ्या चिपची नोंद गाडीच्या स्मृतीत करतो. काही गाड्या मुद्दाम वेळ लावतात; टोयोटाच्या काही मॉडेलांत जुनी नोंद पुसून नवी घेण्यासाठी सुमारे १६ मिनिटे शांतपणे थांबावे लागते, जेणेकरून चोराला घाई करता येऊ नये. काही गाड्यांत सॉकेटचा मार्ग बंद असतो, आणि मग नियंत्रक बाहेर काढून त्यातील आठ पायांच्या स्मृतिचिपमधला मजकूर थेट वाचावा लागतो. या सगळ्या वेळात गाडीच्या बॅटरीचा दाब स्थिर असणे अत्यावश्यक असते, कारण नोंद लिहिली जात असताना दाब घसरला तर नियंत्रकच अडकून बसण्याची भीती असते. म्हणून जाणता कारागीर प्रोग्रॅमर जोडण्याआधी बॅटरीला आधार देणारा चार्जर लावतो, आणि काम सोपवण्यापूर्वी कारागिराची पारख करण्याची ही एक चांगली खूण आहे.

लोधिवलीसारख्या ठिकाणी या कामाला रस्त्याचाही एक पदर आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मनाई आहे. अवजारांची पिशवी घेऊन मोटारसायकलवर फिरणारा कारागीर जुन्या महामार्गाने लोधिवली, चौक किंवा खालापुरात सहज येऊ शकतो, परंतु द्रुतगती मार्गावर अडकलेल्या गाडीपाशी त्याला त्या वाहनाने जाता येत नाही. अधिकृत सेवाकेंद्राची वाट धरायची तर बिनचावीची गाडी ओढून न्यावी लागते, चेसिस क्रमांकावरून कंपनीकडे मागणी नोंदवावी लागते आणि चावी येईपर्यंत थांबावे लागते. रुग्णाला घेऊन आलेल्या कुटुंबाला किंवा पाळी संपवून निघालेल्या कामगाराला हा कालावधी परवडत नाही, आणि फिरत्या कारागिराची खरी गरज येथेच सिद्ध होते.

जुन्या चावीचा अधिकार

नवी चावी मिळाली की बहुतेक मालक निश्चिंत होतात; वास्तविक निम्मेच काम झालेले असते. हरवलेल्या चावीची नोंद स्मृतीतून पुसली नाही, तर ती ज्याच्या हाती लागेल त्याच्यासाठी गाडी पूर्वीइतकीच आज्ञाधारक राहते. म्हणून प्रोग्रॅमिंग संपल्यावर नोंदलेल्या चाव्यांची संख्या यंत्रावर पाहून घ्यावी आणि ती हातातील चाव्यांशी जुळवावी. नोंद पुसल्यानंतरही हरवलेल्या चावीचे धातूचे पाते दार उघडू शकते. चावी घराच्या पत्त्यासह चोरीला गेली असेल, तर कुलपाच्या पट्ट्यांची फेररचना करून घेणेच शहाणपणाचे ठरते. गाडीच्या चोरीचा दावा करताना विमा कंपन्या साधारणपणे दोन्ही मूळ चाव्या मागतात, हे लक्षात घेऊन चावी हरवल्याची पोलिसांकडील नोंद आणि नव्या चावीची पावती जपून ठेवावी. चावी बदलण्याच्या खर्चासाठी स्वतंत्र जोड-विमाही मिळतो.

ज्ञान कोणाच्या हाती?

जे यंत्र अडलेल्या मालकाला सोडवते तेच चोराच्या हातीही पडू शकते, म्हणून ही माहिती कंपन्यांच्या कुलपातच राहावी, असा युक्तिवाद केला जातो. संशोधनाचा इतिहास या युक्तिवादाला पुष्टी देत नाही. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेतील संशोधकांनी चाळीस बिटांच्या गुप्त अंकावर चालणारी एक प्रचलित चिप भेदून दाखवली. २०११ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी बिनस्पर्श चाव्यांचे संदेश लांबवर वाहून नेऊन आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांची दारे उघडली. २०१२ मध्ये हिटॅग-२ ही चिप काही मिनिटांत भेदता येते हे सिद्ध झाले. गुप्तता ही टिकाऊ तटबंदी नाही, असाच या प्रयोगांचा निष्कर्ष निघतो, आणि म्हणून भर द्यायचा तो काम करणाऱ्या माणसाच्या जबाबदारीवर.

भारतात या प्रश्नाचा आर्थिक भाग स्पर्धा आयोगासमोर आला. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि सुटे भाग व दोषनिदानाची साधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांनाही उपलब्ध करून देण्याचे निर्देश दिले. प्रकरण पुढे अपिलांत गेले, तरी गाडी विकल्यानंतर तिच्या दुरुस्तीवरही कंपनीची मक्तेदारी असू नये हे तत्त्व त्यातून स्पष्टपणे पुढे आले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटार क्षेत्राचा समावेश केला. अमेरिकेत ओळख व पार्श्वभूमी तपासून नोंदवलेल्या व्यावसायिकांनाच चावीचे संकेत देणारी व्यवस्था आहे, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात किल्लीकाम करणाऱ्याला सरकारी परवाना घ्यावा लागतो. माहिती खुली असावी, पण ती घेणाऱ्याचे नाव नोंदलेले असावे, हा तेथील व्यवस्थेचा गाभा आहे.

पुढील दिशा

महाराष्ट्रात अशी व्यवस्था घडवून आणणे अवघड नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहेच. त्यात चिप, सांकेतिक चावी आणि नियंत्रकांचे काम यांचा एक भाग जोडला, तर खालापूर-कर्जतच्या तरुणांना आपल्या परिसरातच मानाचा व्यवसाय मिळेल आणि पिढ्यान्‌पिढ्या हे कसब जपणाऱ्या कुटुंबांनाही प्रमाणपत्राचा आधार लाभेल. कारागिराने प्रत्येक कामापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र आणि मालकाचे ओळखपत्र पाहावे, चेसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरून पडताळावा, वहीत नोंद करावी आणि सही घ्यावी. कागद बंद गाडीत अडकले असतील तर अडचण येत नाही, कारण डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवरील प्रती २०१८ पासून ग्राह्य धरल्या जातात. मालकानेही ही तपासणी अपमान न मानता आपले संरक्षण मानावी, कारण कागद न पाहता ज्याची गाडी उघडली जाते त्याची गाडी दुसऱ्या कोणासाठीही तितक्याच सहज उघडली जाऊ शकते. एक चावी शिल्लक असतानाच दुसरी करून घरी ठेवली तर खर्च आणि मनस्ताप दोन्ही टळतात.

रस्ते, कारखाने आणि रुग्णालये उभारून एखादा परिसर आधुनिक होत असला, तरी त्या आधुनिकतेतील रोजची अडचण सोडवणारी माणसे तितकीच आवश्यक असतात. ज्याच्या हाती परक्याच्या गाडीचा अधिकार नव्याने लिहिण्याची विद्या आहे, त्या कारागिराला रस्त्याकडेचा किरकोळ कामगार समजणे हा त्याच्यावरील अन्याय आहे आणि समाजाच्या सुरक्षिततेकडे केलेले दुर्लक्षही आहे. त्याला शिक्षण, नोंदणी आणि माहितीचा हक्क द्यावा, आणि त्याच्याकडून काटेकोर पडताळणीची अपेक्षा ठेवावी. लोधिवलीच्या वाहनतळावर अडकलेल्या कुटुंबाचे हित आणि गाडीमालकांची सुरक्षितता या दोहोंचे रक्षण याच एका मार्गाने होईल.