लैंगिक अत्याचारानंतर आधी दवाखाना की पोलीस ठाणं? पहिले ७२ तास का महत्त्वाचे?

‘आधी पोलिसांत तक्रार करा, मग तपासू.’ लैंगिक अत्याचारानंतर दवाखान्यात गेलेल्या व्यक्तीला कुणी असं सांगितलं, तर ते कायद्याला धरून नाही. उपचार मिळण्यासाठी एफआयआर लागत नाही. पोलिसांची चिठ्ठीही लागत नाही.

कायदा काय सांगतो?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार, बलात्कार, अ‍ॅसिडहल्ला आणि पॉक्सोखालच्या गुन्ह्यांतील पीडितांना तातडीने आणि मोफत उपचार देणं प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक आहे. रुग्णालय सरकारी असो वा खासगी. उपचार नाकारणाऱ्यांना भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग पोलिसांना कळवलं जातं का?

हो. रुग्णालयाने पोलिसांना कळवावं, असं याच कलमात म्हटलं आहे. पण प्रौढ व्यक्तीला तक्रार द्यायची नसेल, तर ती तसं सांगू शकते. डॉक्टर तिचा नकार लिहून घेतात आणि उपचार सुरू ठेवतात. वय १८ पेक्षा कमी असेल, तर मात्र पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं.

७२ तासांचं गणित काय आहे?

एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी ‘पेप’ नावाचा औषधांचा कोर्स असतो. पहिली गोळी जितकी लवकर, तितकी चांगली. पहिल्या काही तासांत घेतली तर उत्तम, पण ७२ तासांच्या आत घ्यायलाच हवी. त्यानंतर या औषधांचा उपयोग होत नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो आणि मध्येच सोडायचा नसतो.

आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीही ७२ तासांत घेतलेली बरी. पाच दिवसांपर्यंत ती घेता येते, पण दिवसागणिक परिणाम कमी होत जातो. गनोरिया, क्लॅमिडिया, सिफिलीस यांसारख्या आजारांसाठी रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक्स देता येतात. हिपॅटायटिस बीची लस आधी घेतलेली नसेल, तर तीही सुरू करतात.

पहिली तपासणी निगेटिव्ह आली, म्हणजे सुटलो का?

इथेच अनेकांची गफलत होते. संसर्ग झाल्यावर तो रक्ताच्या तपासणीत दिसायला काही आठवडे जातात. त्यामुळे पहिल्या दिवशीचा एचआयव्हीचा रिपोर्ट त्या घटनेबद्दल काहीच सांगत नाही, तो फक्त आधीची स्थिती सांगतो. म्हणून साधारण सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी तपासणी करावी लागते. पुढच्या तारखा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. पाळी चुकली तर गर्भधारणेची चाचणी करा. बलात्कारातून गर्भ राहिला असेल, तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो.

तपासणीला ‘नाही’ म्हणता येतं का?

येतं. कोणतीही तपासणी संमतीनेच व्हायला हवी. तिचा एखादा भागही नाकारता येतो आणि त्यामुळे उपचाराचा हक्क जात नाही. ‘टू फिंगर टेस्ट’ तर करताच येत नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती खासगीपणा आणि प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. २०२२ मध्ये तर ती करणाऱ्याला गैरवर्तनासाठी दोषी धरलं जाईल, असं स्पष्ट केलं.

आंघोळ केली, कपडे धुतले. आता काय?

तरीही जा. पुराव्याच्या दृष्टीने आंघोळ न करता जाणं आणि कपडे कागदी पिशवीत ठेवणं चांगलं. पण पुरावा गेला म्हणजे उपचाराची गरज संपत नाही. चार दिवस उलटले असतील, महिना झाला असेल, तरी तपासण्या, उपचार आणि समुपदेशन घेता येतं. पीडित व्यक्ती पुरुष किंवा तृतीयपंथी असली, तरी वैद्यकीय गरज तीच असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्यांचाही विचार केलेला आहे.

मदत कुठे मिळेल?

महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय, कायदेशीर आणि मानसिक आधार एका ठिकाणी मिळतो.

तुमच्या मैत्रिणीने किंवा मित्राने असं काही तुम्हाला सांगितलं, तर ‘तू तिथे गेलीसच कशाला?’, ‘तू विरोध का केला नाहीस?’ असे प्रश्न बाजूला ठेवा. ‘चल, मी येते तुझ्याबरोबर’ एवढं म्हणा आणि थेट दवाखान्यात घेऊन जा. तक्रारीचा निर्णय नंतरही घेता येईल. पेपची पहिली गोळी मात्र ७२ तासांनंतर थांबत नाही.