आवडतं, म्हणजे नक्की काय आवडतं?

वाट निवडण्याआधी : लेखांक ५

कल चाचणीत ‘यंत्रं उघडून पाहायला आवडतात का?’ असा प्रश्न आला की मुलं झटकन ‘हो’वर खूण करतात. शेवटचं यंत्र कधी उघडलंस, असं विचारलं की गप्प. गेल्या लेखांकात चाचण्यांबद्दल लिहिताना हा मुद्दा मुद्दाम मागे ठेवला होता. खोटं कुणी बोलत नसतं. आपण कसं असावं असं वाटतं आणि आपण कसे आहोत, यांची सरमिसळ होते, एवढंच.

बारावीतली एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली होती. “बायोलॉजी आवडतं, नीट देणार.” आवडीबद्दल मी पुढे काही विचारलंच नाही. गेल्या वर्षभरात कुणी सांगितलेलं नसताना कोणत्या कामात जेवायचं विसरलीस, एवढंच विचारलं. तिला काही सुचेना. शेवटी आईच म्हणाली, “अगं, गणपतीचा हिशोब!”

गल्लीतल्या मंडळाची वर्गणी हिच्याकडे होती. पावत्यांच्या बेरजेपेक्षा रोकड २५१ रुपयांनी जास्त भरत होती. खजिनदारकाका म्हणाले, “जास्तच आहेत ना, मग कशाला डोकं लावतेस?” ही रात्री अकरापर्यंत पावतीपुस्तकं चाळत बसली. प्रसादाच्या चिकट हातांनी जोडल्या गेलेल्या दोन पानांत एक स्थळप्रत दडली होती. हे सांगताना पोरीचा आवाज पार बदलला.

म्हणून तिने सीए व्हावं, असं मी म्हटलं नाही. (आईच्या चेहऱ्यावर मात्र ते उमटलं होतं.) छडा लागेपर्यंत न उठणं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्येही लागतं आणि ऑडिटमध्येही. मग बायोलॉजीकडे वळलो. आकृत्या काढायला आवडतात, शिकवणाऱ्या मॅडम आवडतात, मार्क चांगले पडतात. रोज पन्नास अनोळखी माणसांची गाऱ्हाणी ऐकायला आवडेल का? “बाप रे, नको!” विषय आवडणं आणि त्या विषयावर पोट भरणाऱ्याचा दिवस आवडणं, यांत असं अंतर असतं. माझ्या मते चुकलेल्या बहुतेक निवडी याच फटीत पडतात.

बॉस्टनमध्ये १९०८ साली तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय काढणाऱ्या फ्रँक पार्सन्सना हे अंगावर झेलून कळलं असावं. ते शिकले इंजिनीअरिंग. रेल्वेत लागले तर कंपनी बुडाली. लोखंडाच्या कारखान्यात मजुरी केली, शाळेत शिकवलं, मग वकील झाले. आधी स्वतःला ओळखा, मग कामं ओळखा, आणि नंतर दोन्हींची सांगड डोकं वापरून घाला, ही त्यांची पद्धत. येणाऱ्याला ते शंभरावर प्रश्न घरी लिहायला देत. कार्यालय निघालं त्याच वर्षी ते वारले. ही पद्धत मांडणारं त्यांचं पुस्तक आलं १९०९मध्ये. आजच्या चकचकीत करिअर-रिपोर्टचा सांगाडा अजून तोच आहे. फक्त प्रश्नांवर विचार करायला तेव्हा दिवस मिळत, आता चाळीस मिनिटं.

मी स्वतः सायन्स घेतलं ते शेजारच्या मित्राने घेतलं म्हणून आणि आमची बस एक होती म्हणून. त्यामुळे उपदेशाचा मला फारसा अधिकार नाही.

तरी एक करून पाहा. दोनशे पानी वहीत तीन आठवडे रोज रात्री नव्या पानावर दोन ओळी लिहा : आज कुणी न सांगता काय केलं, आणि काय टाळलं. टाळलेलं जास्त बोलतं. ‘वाचन आवडतं’ असं लिहू नका. काय वाचलं, किती पानांवर सोडलं ते लिहा. मग ती वही आई-बाबांना नको, तुम्हाला चिडवणाऱ्या एखाद्या मावसभावाला दाखवा.

पदवीच्या पहिल्या वर्षाला असाल तर आणखी एक सोय आहे. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह (ओई) आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. परक्या शाखेत डोकावून पाहायची इतकी स्वस्त संधी पुन्हा मिळत नाही. आणि मुलं ओई निवडतात कशावरून? लेक्चर सकाळी साडेसातचं नाही ना, यावरून!

पुढच्या लेखांकात एखाद्या व्यावसायिकाचा दिवस जवळून कसा पाहायचा, त्याला काय विचारायचं, ते पाहू. तोवर वहीची निदान सात पानं भरलेली असू द्या. पुढचं सगळं त्या पानांवरच बेतलेलं आहे.