एलियट यांची मांजरे : पुस्तक, रंगमंच आणि पडदा
लोकप्रिय संस्कृतीतील मांजर : लेखांक चौथा

मागील लेखांकात नात्सुमे सोसेकी या जपानी कादंबरीकाराच्या १९०५ पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील निवेदक मांजराचा विचार झाला. ते मांजर माणसांकडे पाहत होते आणि मेइजी काळातील सुशिक्षितांची फजिती वाचकाला त्याच्या नजरेतून दिसत होती. प्रस्तुत लेखांकात पाहण्याची दिशा उलटते. इंग्लंडमध्ये १९३९ साली एका छोट्या कवितासंग्रहात अवतरलेली मांजरे १९८१ साली रंगमंचावर आणि २०१९ साली मोठ्या पडद्यावर आली. शब्द बहुतांशी तेच राहिले, माध्यम मात्र प्रत्येक वेळी बदलले, आणि पहिल्या दोन ठिकाणी लाभलेले यश तिसऱ्या ठिकाणी लाभले नाही. एकाच सामग्रीचे असे तीन प्रयोग शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधी क्वचितच मिळते, आणि त्यातून एक नेमका प्रश्न तपासता येतो : कलेत मांजर दाखवायचे किती आणि सुचवायचे किती?

गंभीर कवीची मिश्कील बाजू

टी. एस. एलियट (१८८८–१९६५) हे नाव मराठी वाचकाला मुख्यतः 'द वेस्ट लँड' या १९२२ सालच्या दीर्घकवितेमुळे, तिच्या अखेरीस येणाऱ्या बृहदारण्यक उपनिषदाच्या संदर्भामुळे आणि बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेच्या चर्चेत हटकून निघणाऱ्या उल्लेखामुळे परिचित आहे. त्याच कवीने 'ओल्ड पॉसम्स बुक ऑफ प्रॅक्टिकल कॅट्स' हा बालकवितांचा संग्रह लिहिला, हे तितकेसे ठाऊक नसते. 'पॉसम' हा संकट दिसताच मेल्याचे सोंग घेणारा अमेरिकी प्राणी. एलियट यांच्या सावध, अंग चोरून राहण्याच्या स्वभावावरून त्यांचे कविमित्र एझरा पाउंड यांनी त्यांना हे टोपणनाव दिले होते. ख्रिस्ती प्रथेत बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाच्या धार्मिक संगोपनाची हमी घेणारी व्यक्ती त्याची धर्मपिता ठरते. स्वतःचे मूल नसलेले एलियट अशा काही मुलांचे धर्मपिता होते आणि १९३०च्या दशकात त्यांनी या व मित्रांच्या इतर मुलांना पाठवलेल्या पत्रांतून ही मांजरे जन्माला आली. ज्या फेबर अँड फेबर या प्रकाशनसंस्थेचे ते संचालक होते, तिनेच ऑक्टोबर १९३९ मध्ये, म्हणजे महायुद्ध सुरू होऊन जेमतेम महिना झालेला असताना, चौदा कवितांचे हे पुस्तक काढले आणि त्याच्या वेष्टनावरील चित्रेही कवीनेच रेखाटली. पंधरावी कविता १९५२ सालच्या आवृत्तीत आली.

या कवितांतील मांजरे बाळबोध गोष्टींतल्याप्रमाणे दूध चाटत बसत नाहीत. त्यांना व्यवसाय, सवयी आणि सामाजिक दर्जा आहे. स्किंबलशँक्स हा रात्रीच्या टपालगाडीवर देखरेख ठेवणारा रेल्वेतला बोका आहे, बस्टोफर जोन्स हा लंडनच्या प्रतिष्ठित क्लबांतून जेवत फिरणारा लठ्ठ आसामी आहे, तर गस हा जुन्या भूमिकांच्या आठवणी उगाळणारा नाट्यगृहातला म्हातारा नट आहे. शेरलॉक होम्सच्या कथांचे चाहते असलेल्या एलियट यांनी होम्सचा प्रतिस्पर्धी प्रोफेसर मॉरिआर्टी याच्यावरून मॅकॅव्हिटी हा गुन्हेगारांचा म्होरक्या बोका बेतला, आणि त्याच्या कवितेची सारी गंमत अशी की ज्याच्याविषयी ती आहे तो गुन्ह्याच्या जागी कधीच सापडत नाही. वाचकाच्या मनात तो उभा राहतो तो केवळ त्याच्या गैरहजेरीतून.

संग्रहाची पहिली कविता हीच भूमिका सिद्धान्ताच्या पातळीवर मांडते. तिच्यानुसार प्रत्येक मांजराला तीन नावे असतात : एक घरच्या वापरातले, दुसरे केवळ त्या मांजरालाच शोभेल असे खास, आणि तिसरे मांजराखेरीज कोणालाही न कळणारे. मांजराचा एक अंश माणसाला कायम अगम्य राहणार, ही या पुस्तकाची धारणा आहे. म्हणूनच त्याच्या रूपाचे वर्णन जुजबी ठेवून कवी लय, यमक आणि नादमय नावे यांवर भर देतो. पुढील दोन माध्यमांतील रूपांतरांना हीच धारणा सांभाळायची होती.

शब्द आधी, चाल नंतर

या कवितांची लय इतकी ठसठशीत आहे की संगीतकारांचे लक्ष तिकडे लवकरच गेले; ब्रिटिश संगीतकार ॲलन रॉसथॉर्न यांनी १९५४ साली निवेदक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी त्यांतील काही कवितांची रचना केली. मात्र लोकप्रियतेच्या दृष्टीने निर्णायक ठरले ते संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांचे काम, ज्याचा आरंभ १९७७ च्या सुमारास झाला आणि ज्यातून 'कॅट्स' हे म्यूझिकल उभे राहिले. 'म्यूझिकल' म्हणजे गाणी, समूहनृत्य आणि नाट्य यांना जवळपास समान वजन देणारा इंग्रजी-अमेरिकी व्यावसायिक नाट्यप्रकार. मराठी संगीत नाटकाहून तो वेगळा, कारण त्यात पदाचा विस्तार गायकाच्या मर्जीवर सोपवलेला नसतो आणि नृत्य कथेचा भार उचलते. लॉइड वेबर यांची नेहमीची रीत आधी चाल आणि मग शब्द अशी असताना इथे दिवंगत कवीचे शब्द पक्के होते आणि चालीलाच त्यांच्यामागून जावे लागले. त्यांनी प्रत्येक मांजराला त्याच्या स्वभावाचा संगीतप्रकार दिला : उनाड रम टम टगरला रॉक, क्लबबाज जोन्सला विसाव्या शतकाच्या आरंभीच्या रंजनगृहांतील ठेका, मॅकॅव्हिटीला रहस्यपटांत शोभेल असे जॅझ. त्यामुळे ऐकणाऱ्याला मांजर दिसण्याआधीच ओळखू येते.

१९८० च्या उन्हाळ्यात लॉइड वेबर यांच्या सिडमॉन्टन येथील निवासस्थानी भरणाऱ्या छोटेखानी महोत्सवात ही गाणी सादर झाली, तेव्हा कवीच्या पत्नी व्हॅलरी एलियट तिथे आल्या आणि त्यांनी सोबत काही अप्रकाशित मजकूर आणला. त्यात ग्रिझाबेला या एके काळच्या रूपवती, आता उतरती कळा लागलेल्या मांजरीविषयीच्या आठ ओळी होत्या. मुलांसाठी ती फार दुःखी ठरेल म्हणून एलियट यांनी तिला पुस्तकाबाहेर ठेवले होते. सुट्या व्यक्तिचित्रांना नाट्याचा कणा मिळाला तो या आठ ओळींतून : टोळीतून बाहेर टाकलेली एक मांजरी परत येते, तिला झिडकारले जाते, आणि अखेरीस पुनर्जन्मासाठी तिचीच निवड होते. निवड झालेले मांजर ज्या 'हेविसाइड लेयर'कडे जाते, तो मुळात पृथ्वीच्या वातावरणातील, रेडिओलहरी परावर्तित करणारा विद्युत्भारित थर असून ऑलिव्हर हेविसाइड या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. एलियट यांनी मांजरांचा स्वर्ग म्हणून त्याचा केलेला थट्टेखोर उपयोग दिग्दर्शक ट्रेव्हर नन यांनी गंभीर अर्थाने वापरला. ग्रिझाबेलाचे सुप्रसिद्ध गाणे 'मेमरी' मात्र या संग्रहातले नाही. ते नन यांनी एलियट यांच्या तरुणपणीच्या कवितांच्या, विशेषतः 'ऱ्हॅप्सडी ऑन अ विंडी नाइट' हिच्या आधारे रचले. मुलांच्या पुस्तकातली मांजरे आणि मोठ्यांच्या कवितेतली रात्रीच्या शहराची उदासी अशा रीतीने एकत्र आली.

रंगमंच : भंगारातली आगगाडी

'कॅट्स' ११ मे १९८१ रोजी लंडनच्या न्यू लंडन थिएटरमध्ये सुरू झाले, तेव्हा कोणालाही त्याच्या यशाची खात्री नव्हती. कथानक नसलेल्या, मांजरांवरच्या कवितांच्या नाटकात पैसे घालायला मातब्बर मंडळी तयार नव्हती, म्हणून निर्माते कॅमेरॉन मॅकिंटॉश यांना अनेक छोटे गुंतवणूकदार गोळा करावे लागले आणि लॉइड वेबर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. तालमींमध्ये ज्युडी डेंच यांच्या टाचेमागील स्नायुबंध तुटल्याने ऐनवेळी ग्रिझाबेलाची भूमिका इलेन पेज यांच्याकडे गेली.

नेपथ्यकार जॉन नेपियर यांनी रंगमंचाचा उकिरडा केला आणि त्यातील प्रत्येक टाकाऊ वस्तू मांजराच्या नजरेला दिसेल इतकी मोठी बनवली, त्यामुळे नटांनी काहीही न करता त्यांचा आकार आपोआप लहान भासू लागला. वेशभूषेत अंगाला घट्ट बसणारे रंगवलेले कपडे, पायांवर लोकरी पट्टे आणि याकच्या केसांचे टोप एवढेच होते. मांजराचे मुखवटे नव्हते. उरलेले काम नृत्यदिग्दर्शिका जिलियन लिन यांनी देहाकडून करून घेतले : पाठीचा कणा कमान करून ताणणे, मान वळवण्याआधी क्षणभर स्तब्ध होणे, कोणी पाहत आहे हे कळताच काहीच न घडल्यासारखे अंग चाटू लागणे.

या पद्धतीचा उत्तम नमुना म्हणजे स्किंबलशँक्सचे गाणे. रंगमंचावर आगगाडी नसते. गाण्याच्या ओघात नट-नटी उकिरड्यातल्या वस्तू उचलून आणतात, चाकांसारखे दिसणारे काहीतरी फिरू लागते, दिवे लागतात, आणि पाहता पाहता भंगारातून एक इंजिन उभे राहते, जे गाणे सरताच पुन्हा भंगार होऊन विखुरते. प्रेक्षकाला चाके टाकाऊ आहेत हे दिसत असते आणि गाडी धावते आहे हेही दिसत असते. या दोन जाणिवा एकमेकींना खोटे पाडत नाहीत, उलट त्यांच्या एकत्र असण्यातच आनंद आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात यासाठी संज्ञा आहेत. लोकव्यवहार जसा असतो तसा दाखवणाऱ्या प्रयोगरीतीला तिथे 'लोकधर्मी' म्हटले आहे, तर संकेत, अंगविक्षेप आणि शैलीबद्ध हालचाल यांतून वस्तू सुचवणाऱ्या रीतीला 'नाट्यधर्मी'. त्या परिभाषेत 'कॅट्स'चा रंगमंच पूर्णपणे नाट्यधर्मी होता. त्याचे जाहिरातचित्रही याच वळणाचे होते : काळ्या पार्श्वभूमीवर केवळ दोन पिवळे डोळे, आणि जवळून पाहिल्यास त्यांच्या बाहुल्यांच्या जागी नाचणाऱ्या माणसांच्या आकृती.

लंडनमध्ये हा प्रयोग बरोबर २१ वर्षे, ११ मे २००२ पर्यंत चालला आणि त्याचे ८,९४९ खेळ झाले. न्यूयॉर्कच्या विंटर गार्डन थिएटरमध्ये तो ऑक्टोबर १९८२ ते सप्टेंबर २००० असा चालून ७,४८५ खेळांपर्यंत पोहोचला, आणि जपानमध्ये शिकी या नाट्यसंस्थेने तो १९८३ पासून सादर केला. १९८३ साली या नाटकाला मिळालेल्या सात टोनी पुरस्कारांपैकी संहितेचा पुरस्कार एलियट यांना मृत्यूनंतर अठरा वर्षांनी मिळाला. नाटकाच्या मानधनाने फेबर या प्रकाशनसंस्थेला आर्थिक स्थैर्य दिले, म्हणजे मांजरांच्या कमाईवर गंभीर कवितेची पुस्तके निघत राहिली. न्यू लंडन थिएटरला २०१८ साली जिलियन लिन यांचे नाव देण्यात आले.

पडदा : सर्व काही दाखवण्याची अडचण

टॉम हूपर दिग्दर्शित चित्रपट डिसेंबर २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. नटसंचात ज्युडी डेंच, इयान मॅकेलन, जेनिफर हडसन, इद्रिस एल्बा आणि टेलर स्विफ्ट होते. १९८१ साली दुखापतीमुळे हुकलेल्या नाटकात डेंच अशा रीतीने जवळपास चार दशकांनी, पण वृद्ध ओल्ड ड्युटेरॉनॉमीच्या भूमिकेत आल्या. नटांच्या चेहऱ्यांना आणि हातांना फारसा धक्का न लावता त्यांच्या देहावर संगणकाच्या साहाय्याने लव, कान आणि हलणारी शेपटी चढवण्यात आली. जुलैमध्ये झलक प्रसिद्ध होताच समाजमाध्यमांवर थट्टेचा पूर आला. प्रदर्शनानंतर काही दिवसांतच निर्मात्यांनी दृश्यपरिणाम सुधारलेली नवी प्रत चित्रपटगृहांकडे पाठवली, कारण आधीच्या प्रतीत एका दृश्यात डेंच यांचा अंगठी घातलेला मानवी हात तसाच राहून गेला होता.

या प्रतिक्रियेचे स्पष्टीकरण देताना मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानव-तज्ज्ञाने १९७० साली मांडलेल्या कल्पनेचा आधार बऱ्याचदा घेतला जातो. मानवेतर आकृती जसजशी माणसासारखी दिसू लागते तसतशी ती अधिक आपलीशी वाटते, परंतु साम्य जवळपास पूर्ण होत असताना आपुलकी एकदम कोसळते आणि तिच्या जागी किळस किंवा भीती येते. आलेखातील या खोल घसरणीला मोरी यांनी दरी म्हटले. ही कल्पना उपयुक्त असली तरी 'कॅट्स'च्या बाबतीत अपुरी आहे, कारण रंगमंचावरील मांजरे चित्रपटातील मांजरांहून अधिक माणसासारखी असूनही ती कोणाला खुपली नाहीत. फरक साम्याच्या प्रमाणात नव्हता, प्रेक्षकाशी केलेल्या करारात होता. रंगमंच प्रेक्षकाला सांगतो की हा माणूस आहे, त्याला मांजर समजा. खरी वाटणारी लव आणि कान दाखवणारा कॅमेरा सांगतो की हे मांजरच आहे, आणि मग प्रेक्षक हक्काने विचारू लागतो की याला माणसाचा हात का, काहींच्या अंगावर कोट का आणि काहींच्या नाही का.

स्किंबलशँक्सचेच गाणे पुन्हा पाहिल्यास हा फरक स्पष्ट होतो. चित्रपटात ही भूमिका रॉयल बॅलेचे स्टीव्हन मॅकरे यांनी केली असून त्यांचे टॅप नृत्य, म्हणजे बुटांच्या तळाला लावलेल्या धातूच्या पट्ट्यांचा ताल धरणारे नृत्य, चित्रपटातील सर्वांत कसबी भागांत मोडते. पण ते घडते रेल्वेच्या रुळांवर आणि डब्यात. रूळ आणि डबा आल्याबरोबर मांजराची उंची किती हा प्रश्न उभा राहतो, आणि रूळ, पूल व डबा यांच्या तुलनेत ती दृश्यागणिक बदलत असल्याने नजर नाचावरून मापाकडे वळते. भंगाराच्या गाडीला माप नव्हते, म्हणून ती कुठेही धावू शकत होती.

यातून कॅमेरा या साधनालाच दोषी ठरवता येत नाही. नाट्यधर्मी संकेतांवर उभी असलेली सामग्री लोकधर्मी तपशिलात उतरवताना संकेतांची जागा घेणारे काहीतरी नव्याने शोधावे लागते, आणि ते न शोधता केवळ तपशील वाढवले की मांजराचे तिसरे, अज्ञात नाव जाहीर केल्यासारखे होते. न्यूयॉर्कमध्ये २०२४ साली 'कॅट्स : द जेलिकल बॉल' या नव्या प्रयोगाने उलट मार्ग घेतला : त्याने मांजराचे रूप जवळपास सोडून दिले आणि कृष्णवर्णीय व लॅटिन समलिंगी-पारलिंगी समाजाच्या 'बॉलरूम' या नृत्यस्पर्धांच्या परंपरेत हीच गाणी नेऊन बसवली. टोळी, नाव, चालण्यातला तोरा आणि बहिष्कृताला मिळणारी मान्यता या गोष्टी त्या परंपरेत मुळातच असल्याने लव आणि शेपटी यांवाचून काही अडले नाही.

मांजर आणि माणूस यांचा देह एकाच पेन्सिलीतून उतरतो तेव्हा मात्र हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सुटतो, कारण तिथे लपवायला मूळ मानवी शरीरच नसते. जॉर्ज हेरिमन यांची १९१३ पासून स्वतंत्रपणे प्रसिद्ध होऊ लागलेली 'क्रेझी कॅट' ही चित्रमालिका आणि १९४० साली सुरू झालेली टॉम आणि जेरी यांची जोडी यांच्या आधारे त्या रेषेच्या मांजराचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.