जुन्या अँप्लिफायरचा व्हॉल्व्ह बदलताना

आपल्या नंदाखाल, आगाशी, बोळींजच्या जुन्या घरांत कुठे कुठे अजून सासऱ्यांच्या किंवा आजोबांच्या वेळचा रेडिओग्राम नाहीतर व्हॉल्व्हचा अँप्लिफायर जपून ठेवलेला असतो. तो बंद पडला की भंगारवाला किलोचा भाव सांगतो आणि दुरुस्तीवाला म्हणतो, "ताई, सगळे व्हॉल्व्ह बदलावे लागतील." हो म्हणण्याआधी काय बघायचं, ते आज समजून घेऊ.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून बंद केलेली काचेची नळी. आतली तार तापली की ती काम करू लागते. म्हणून असा सेट लावल्यावर आवाज यायला थोडा वेळ लागतो. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले. त्यांच्यावर 'बीईएल' अशी अक्षरं असतात. नवे व्हॉल्व्ह आता रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात बनतात.

आधी जिवाची काळजी. या सेटमध्ये अडीचशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. म्हणून प्लग काढायचा, अर्धा तास थंड होऊ द्यायचं आणि पत्र्याच्या खालच्या बाजूला हात लावायचा नाही. ते काम जाणकाराचंच. व्हॉल्व्हवरचा नंबर 'यू' अक्षराने सुरू होत असेल, तर जास्तच जपा. अशा बऱ्याच सेटमध्ये आतला पत्रा थेट लाइटच्या तारेला जोडलेला असतो.

आता काचेवरचा नंबर वहीत लिहून घ्या. नवा व्हॉल्व्ह त्याच नंबरचा हवा. ईसीसी ८३ आवाज मूळच्या शंभरपट वाढवू शकतो, ईसीसी ८२ वीसपटही नाही. दोघांच्या पिना मात्र सारख्याच. चावी कुलपात गेली म्हणजे कुलूप उघडतंच असं नाही ना, तसंच हे. काही व्हॉल्व्हना दोन नावं असतात. ईएल ८४ आणि अमेरिकन ६बीक्यू५ एकच, ईसीसी ८३ आणि १२एएक्स७ एकच. दुकानदाराने दुसरं नाव सांगितलं तर घाबरू नका, पण खात्री करून घ्या.

नेमका कोणता व्हॉल्व्ह गेला, हे कसं ओळखायचं? काचेच्या आत चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह संपला. आतली तार लालसर दिसणं ठीक आहे. पण भोवतीचा पत्रा लाल होऊ लागला तर लगेच प्लग काढा. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकाच नंबरचे व्हॉल्व्ह असतील, तर सेट बंद आणि थंड असताना त्यांची अदलाबदल करा. खरखर दुसऱ्या बाजूला गेली तर दोष व्हॉल्व्हचा. आहे तिथेच राहिली तर व्हॉल्व्हवर पैसे घालवू नका. कधी कधी नुसत्या पिना मळलेल्या असतात.

दोन ईएल ८४ जोडीने काम करत असतील, तर मोजून जुळवलेली जोडीच घ्या. ईझेड ८१ हा वीज एका दिशेने वळवणारा व्हॉल्व्ह. तो पुन्हा पुन्हा जात असेल तर आधी कंडेन्सर तपासून घ्या, नाहीतर नवाही जाईल. खरेदीसाठी ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला चौकशी करता येते. जुना व्हॉल्व्ह सोबत न्या आणि नवा दुकानातच तपासून मागा.

दुरुस्तीवाल्याला चार गोष्टी विचारा: कोणता व्हॉल्व्ह गेला, कसा तपासला, नवा कोणत्या नंबरचा, आणि काढलेले व्हॉल्व्ह परत देणार ना? चांगल्या जुन्या व्हॉल्व्हना गिऱ्हाईक असतं, ते फुकट देऊ नका. आपण गटात पाच रुपयांचाही हिशोब लिहितो. मग घरातल्या या वस्तूचा हिशोबही आपणच विचारायचा.