जुने सागवान, जुना घाट, नवे सामान

गावोगावचे जुने वाडे आता एकामागून एक उतरविले जात आहेत. वारसांत वाटण्या होतात, छप्पर गळू लागते, दुरुस्तीचा खर्च झेपेनासा होतो आणि अखेर वाड्याचे लाकूड अंगणात येऊन पडते. कोरीव खांब व दरवाजे यांना गिऱ्हाईक लगेच मिळते. साध्या वाशांना आणि मोडक्या फळ्यांना मात्र पुष्कळदा जळणाचीच किंमत येते. वास्तविक घराला, शाळेला किंवा ग्रंथालयाला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल असे सामान याच लाकडातून अल्प खर्चात घडविता येते.

जुन्या धाटणीचे सामान म्हटले की नक्षीकाम डोळ्यांसमोर येते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडविले जाणारे कोरीव शिसवी सामान प्रसिद्धच होते. त्याची किंमत मुख्यतः कोरणाऱ्याच्या श्रमाची असे. मराठी घरातील नित्याचे सामान मात्र याहून वेगळे होते. पाट, चौरंग, पेटी आणि पेढीवरचे बैठे डेस्क यांचे सौंदर्य नक्षीपेक्षा प्रमाणबद्धतेत आणि सांध्यांच्या नेटकेपणात आहे. म्हणूनच हा घाट सामान्य खर्चात पुन्हा साधणे शक्य आहे.

लाकडाची पारख

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात; त्यामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. बाहेरच्या फिकट भागाला मात्र हे संरक्षण नसते. तो भाग तासून टाकावा. अनेक दशके छपराखाली राहिलेले लाकूड पुरते वाळलेले असते आणि नव्या ओल्या लाकडाप्रमाणे सहजी वाकत नाही. कोठे भुसा गळत असेल, बारीक छिद्रे दिसत असतील किंवा टोचणी सहज आत जात असेल, तर तेवढा भाग बाद करावा. करवतीवर चढविण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून आत मोडलेले खिळे शोधून काढावेत. एक खिळा राहिला तरी करवतीचे पाते निकामी होते व कारागिरास इजाही संभवते.

जुन्या तैलरंगाविषयी विशेष सावधगिरी हवी. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपुरते मर्यादित करणारे नियम देशात 2016 साली झाले. असा रंग कोरडा घासल्यास किंवा जाळल्यास विषारी धूळ व धूर पसरतो. लहान मुलांना तो फारच अपायकारक ठरतो. रंगविलेल्या फळ्या शाळेच्या कामासाठी घेऊच नयेत.

बैठे डेस्क

मांडी घालून लिहिण्यावाचण्यासाठी बैठे डेस्क आजही सोयीचे आहे. उतरत्या झाकणामुळे मान फार वाकवावी लागत नाही आणि आतील जागेत वह्या-पुस्तके राहतात. लांबी 60 सेंटिमीटर, खोली 42 सेंटिमीटर, पुढची उंची 22 व मागची 30 सेंटिमीटर हे माप प्रौढांसाठी ठीक पडते. मुलांसाठी ते त्यांच्या उंचीप्रमाणे कमी करावे. मागील 12 सेंटिमीटर पट्टी सपाट ठेवावी व उरलेला 30 सेंटिमीटर भाग बिजागऱ्यांवर उघडणारे झाकण करावा. पेन्सिल घरंगळू नये म्हणून झाकणाच्या खालच्या कडेस बारीक पट्टी लावावी.

दोन सेंटिमीटर जाडीच्या फळ्या धरल्यास यास सुमारे पाऊण घनफूट लाकूड लागते. वाया जाणारे धरून ते एक घनफुटाच्या वर जाते. चार इंच रुंद, तीन इंच जाड आणि दहा फूट लांब असे दोन वासे त्यास पुरेसे होतात. मग खर्च उरतो तो करवतकाम, सुताराची मजुरी, सरस आणि बिजागऱ्या यांचा.

चारही कोपरे खिळ्यांनी न ठोकता एका फळीचे दाते दुसरीच्या खाचांत बसवून जोडावेत. तळाच्या फळ्या बाजूंना पाडलेल्या खोबणीत मोकळ्या सरकवाव्यात. पावसाळ्यात लाकूड आडवे फुगते. सगळीकडून जखडल्यास फळी तडकते. झाकणाभोवतीही बारीक फट ठेवावी.

शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात देऊन, ते पुरते सुकल्यावर मेण चोळले म्हणजे लाकडाचा मूळ रंग खुलतो. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत. त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून किंवा सुट्या पसरून वाळवूनच त्यांची विल्हेवाट लावावी.

काय कापू नये

या कामाला एक मर्यादा आहे. 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुनी अशी कला वा कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. त्यामुळे कोरीव तुळई, गणेशपट्टी किंवा देव्हारा हाती आल्यास तो कापण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील कोरीव दारे-खिडक्या पाहिल्या म्हणजे अशा वस्तू जतन केल्याने काय हाती लागते ते कळते.

जुन्या शाळाखोलीचे किंवा चावडीचे लाकूड वापरावयाचे असल्यास आधी रीतसर निर्लेखन व्हावयास हवे. सागवान दुसऱ्या गावी नेताना वाहतूक परवान्याबाबत वनक्षेत्रपाल कार्यालयात चौकशी करावी.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला गावच्या सुतारास बोलावून एखादे डेस्क मुलांसमोर घडविता येईल. करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या यांचा उपयोग मुले पाहतील व मोजमापाचे गणितही शिकतील. सांधे जुळविणारे हात अनेक गावांत आता वृद्ध झाले आहेत. वाड्यांच्या लाकडाबरोबर त्यांचे कसबही नाहीसे होऊ द्यावयाचे नसेल, तर त्यांना काम मिळाले पाहिजे. तयार वस्तूच्या तळाशी ती घडविल्याचे वर्ष, कारागिराचे नाव आणि लाकूड कोणत्या वास्तूचे ते कोरून ठेवावे. त्यायोगे नवी वस्तू जुनी म्हणून कोणी विकू शकणार नाही आणि उतरविलेल्या वास्तूची नोंदही गावात राहील.