महाजालावरील व्यापार आणि स्पर्धा कायदा : नाव, वाट व भाव

मराठवाड्यातील व्यापाराला स्पर्धेचे नियमन अपरिचित नाही. हैदराबाद संस्थानात १९३० मध्ये शेतमालाच्या बाजारांसंबंधी कायदा झाला. पुढे लातूर व नांदेड येथील बाजार समित्या १९६३ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या कक्षेत आल्या. कापडाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याऐवजी उघड लिलाव आणि प्रमाणित वजनमापे, हे या व्यवस्थेचे सार होय. भाव झाकलेला राहिला म्हणजे दुबळा पक्ष नागवला जातो, हे तत्त्व तिच्या मुळाशी आहे. तूरडाळ, सोयाबीन वा कापूस यांचा व्यापारी आज महाजालाकडे वळतो, तेव्हा हेच तत्त्व नव्या रूपात त्याच्यासमोर येते. तेथे तीन प्रश्न उद्भवतात : नाव कोणाचे, वाट कोणाच्या हाती आणि भाव कोण ठरविणार? यांपैकी पहिला प्रश्न प्रामुख्याने स्पर्धा कायद्याचा नव्हे. उरलेले दोन मात्र त्याच्या कक्षेत येतात. हा भेद ध्यानात न घेतल्यास तक्रार चुकीच्या दारी जाण्याचा संभव असतो.

प्रथम नावाचा विचार करू. समजा, लातूरच्या एखाद्या डाळगिरणीच्या नावात एक अक्षर बदलून दुसऱ्याने डोमेन नाव नोंदविले व तिचे ग्राहक आपल्याकडे वळविले. असाच प्रसंग मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९९ मध्ये आला होता. ‘रेडिफ’ या कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते ‘रॅडिफ’ हे डोमेन नाव प्रतिपक्षाने घेतले होते. डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून त्यास व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण मिळावयास हवे, असे ठरवून न्यायालयाने मनाई हुकूम दिला. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफिनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हेच तत्त्व मान्य केले. अशा प्रकरणी दाद मागावयाची ती दिवाणी न्यायालयात, ‘.इन’ या अंत्यपदाच्या नावांसाठी लवादाचीही सोय आहे.

परंतु नावांच्या व्यवस्थेत मक्तेदारीचा एक अंश स्वभावतःच असतो. एकच नाव दोघांस देता येत नाही. म्हणून प्रत्येक अंत्यपदाची नोंदवही एकाच संस्थेकडे ठेवावी लागते. ‘.कॉम’ची नोंदवही व्हेरीसाइन या अमेरिकन कंपनीकडे, तर ‘.इन’ आणि २०१४ पासून देवनागरीत उपलब्ध झालेल्या ‘.भारत’ यांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. नावे विकणाऱ्या निबंधकांमध्ये स्पर्धा असू शकते. नोंदवही राखणाऱ्यांत ती त्या अंत्यपदापुरती असू शकत नाही. यास्तव तेथे दरावर करारान्वये किंवा शासनाद्वारे अंकुश ठेवणे आवश्यक ठरते.

आता वाटेचा प्रश्न. लातूरच्या गंजगोलाईस सोळा रस्ते मिळतात; एक अडला तरी ग्राहक दुसऱ्याने येतो. महाजालावर मात्र बहुसंख्य ग्राहक शोधयंत्र किंवा एखादा मोठा विक्रीमंच या एकाच वाटेने येतात. स्पर्धा अधिनियम, २००२ चे कलम ४ येथे लागू पडते. मोठे असणे हा अपराध नव्हे. मोठेपणाच्या बळावर इतरांची वाट अडविणे हा अपराध होय. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने शोधनिकालांत पक्षपात केल्याबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. मात्र त्याच प्रकरणातील जाहिरातपद्धतीविषयीचा आरोप आयोगाने मान्य केला नाही. प्रत्येक गैरसोय म्हणजे कायद्याचा भंग नव्हे, हेही त्यावरून दिसते.

तिसरा प्रश्न भावाचा. मेकमायट्रिप-गोआयबिबो या मंचाने हॉटेलांवर अशी अट घातली होती की, खोल्या अन्यत्र, अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरही, अधिक स्वस्त देऊ नयेत. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने या मंचास २२३.४८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला व अशा अटी बदलण्यास सांगितले. नावाचा व भावाचा संबंध येथे स्पष्ट होतो. डोमेन नाव स्वतःचे असूनही तेथे स्वतःचा भाव सांगण्याची मुभा नसेल, तर ते नाव दुकानावरील पाटीपुरतेच उरते.

हा कायदा लहान व्यापाऱ्यासही बांधतो. प्रतिस्पर्धी गिरणीमालकांनी संगनमताने दर ठरविला, मग तो बैठकीत ठरो वा भ्रमणध्वनीवरील गटात, तर तो करार कलम ३ खाली स्पर्धेस बाधक मानला जातो.

आयोगाचे कार्यालय नवी दिल्लीत आहे. तथापि कोणतीही व्यक्ती, ग्राहक वा व्यापारी संघ शुल्क भरून त्यास माहिती देऊ शकतो. २०२३ च्या दुरुस्तीने त्यासाठी सामान्यतः तीन वर्षांची मुदत घातली आहे. एकट्या गिरणीस दिल्लीचा खर्च झेपणे कठीण; म्हणून स्थानिक व्यापारी संघटनांनी विक्रीमंचांचे करार तपासून सामुदायिक तक्रार करणे अधिक श्रेयस्कर ठरेल. नावाचे रक्षण ज्याचे त्याने करावयाचे असते. वाट मोकळी ठेवणे हे मात्र साऱ्या बाजाराचे हित होय.